फ्रान्समधील जुनी राजसत्ता आणि १७८९ ची क्रांती

१७८९ पूर्वीच्या फ्रेंच व्यवस्थेला ‘आंस्यां रेजीम’, म्हणजे ‘जुनी राजवट’, हे नाव क्रांतीच्या काळात रूढ झाले. ती व्यवस्था नांदत होती तेव्हा तिला कोणी जुनी म्हणत नव्हते. या नावामुळे एक जग संपून दुसरे सुरू झाले असा समज सहज होतो. परंतु क्रांतीचा पहिला वाद कोणत्या प्रश्नावर पेटला हे पाहिले म्हणजे तो प्रश्न राजसत्तेनेच तिच्या हाती दिला होता, असे दिसून येते.

त्या समाजाचा गाभा ‘प्रिव्हिलेज’ या शब्दात सापडतो. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ विशिष्ट व्यक्तीपुरता केलेला कायदा असा आहे. आणि सर्वांना सारखा लागू होणारा कायदा फ्रान्समध्ये फारच थोडा होता. धर्मगुरू, सरदार व उरलेली सर्व प्रजा असे तीन वर्ग होतेच. शिवाय प्रांत, नगरे व व्यवसायसंघ यांचेही निरनिराळे हक्क होते. मिठावरील ‘गाबेल’ करातून ब्रिटनी प्रांत मुक्त होता, तर पॅरिसभोवतालच्या मुलखावर तोच कर अत्यंत जड होता. साहजिकच ब्रिटनीच्या सीमेवर चोरट्या मिठाचा व्यापार भरभराटीस आला. न्यायाधीशाची पदे विकत मिळत. १६०४ पासून वार्षिक शुल्क भरल्यास ती वतनाप्रमाणे पुत्राकडे जात. काही पदांबरोबर सरदारकी व करमाफीही येई. म्हणजे आजची निकड भागविण्यासाठी राजा उद्याचे उत्पन्न विकत होता.

तोकव्हिलने १८५६ साली दाखवून दिले की, केंद्रीकरण ही क्रांतीची नव्हे, राजसत्तेची निर्मिती होय. प्रांतोप्रांती नेमलेले ‘इंटेंडंट’ हे राजाचे अधिकारी प्रत्यक्ष कारभार पाहत. हे खरेच आहे. तथापि राजाने जुन्या संस्था मोडल्या नाहीत, नुसत्या बाजूस सारल्या, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. इंग्लंडच्या पार्लमेंटशी नामसाम्य असलेली ‘पार्लमां’ ही वस्तुतः न्यायालये; पण राजाज्ञा नोंदवून घेण्याचा अधिकार त्यांचा असल्याने त्यांना विरोधाची एक कायदेशीर जागा मिळाली होती. १७७१ मध्ये मोपू या मंत्र्याने त्यांची सत्ता मोडली. १७७४ मध्ये सोळाव्या लुईने ती परत दिली.

अमेरिकन युद्धानंतर कर्ज असह्य झाले. १७८८ साली सुमारे निम्मा खर्च कर्जफेडीवर होत होता. १७८७ च्या फेब्रुवारीत कालोनने सर्व जमिनींवर कर बसविण्याची योजना प्रतिष्ठितांच्या सभेपुढे ठेवली. ती फेटाळली गेली. नव्या कराला संमती देण्याचा अधिकार फक्त इस्टेट्स जनरलचा, असे पार्लमांनी बजावले. ही सभा १६१४ नंतर भरलीच नव्हती! राजाने ती बोलावली, आणि २५ सप्टेंबर १७८८ रोजी पॅरिसच्या पार्लमांने ती १६१४ च्याच पद्धतीने भरावी असा निर्णय दिला. त्या पद्धतीत प्रत्येक वर्गाला एक मत. म्हणजे दोन विशेषाधिकारी वर्गांपुढे तिसरा नेहमीच हरणार. कालपर्यंत लोकांची कैवारी ठरलेली पार्लमां एकाएकी लोकांच्या मनातून उतरली, आणि कराचा प्रश्न वर्गांच्या विषमतेचा प्रश्न झाला. २७ डिसेंबरला तिसऱ्या वर्गाची प्रतिनिधिसंख्या दुप्पट करण्यात आली, पण मते माणशी मोजावयाची की वर्गशः, हे अनिर्णित ठेवले. सत्तेला एवढे महाग पडलेले अर्धवट निर्णय इतिहासात थोडेच असतील. त्यातच गावोगावच्या लोकांना आपल्या तक्रारी लिहून पाठविण्यास राजानेच सांगितले होते. ५ मे १७८९ रोजी सभा भरली. १७ जूनला तिसऱ्या वर्गाने स्वतःस राष्ट्रीय सभा घोषित केले.

४ ऑगस्टच्या रात्री सरदारांनी, प्रांतांनी व नगरांनी आपापले हक्क सोडले. पदांची विक्रीही बंद झाली. मात्र पद ही मालमत्ता होती. तिची भरपाई देणे आले, आणि जुन्या कर्जात नवे कर्ज मिळाले. नोव्हेंबरात चर्चच्या जमिनी राष्ट्राच्या स्वाधीन करण्यात आल्या, त्यामागे हीही निकड होती.

१७९० मध्ये प्रांत जाऊन ८३ विभाग आले. भाषेच्या बाबतीतही हाच प्रवाह दिसतो. १५३९ च्या आज्ञेने राजसत्तेने न्यायालयीन कागदपत्रांपुरती फ्रेंच सक्तीची केली होती. ब्रिटनीत वा आल्सासमध्ये लोक घरी काय बोलतात याची तिला फिकीर नव्हती. राष्ट्रीय सभेनेही १७९० च्या जानेवारीत आपले कायदे प्रांतभाषांत अनुवादित करण्याचे ठरविले. परंतु वेगळेपण म्हणजेच विशेषाधिकार, असे मानण्याची सवय जडल्यावर बोलीही संशयास्पद ठरल्या. १७९४ मध्ये आबे ग्रेग्वारने त्या नष्ट करण्याची गरज मांडणारा अहवाल सादर केला. राष्ट्रभाषा मुळीच न जाणणारे ६० लाख लोक देशात आहेत आणि ती शुद्ध बोलणारे ३० लाखांहून अधिक नाहीत, अशी त्याची गणना होती.