दुरुस्तीची लेखणी कोणाच्या हातात?



मागच्या महिन्यात आमच्या विहाराच्या अभ्यासिकेत एका मुलीनं विचारलं, "दादा, मराठीत एम.ए. करून पुढं काय करू? शिक्षक भरतीची वाट बघून थकले." मी म्हणालो, शालेय पुस्तकांच्या संपादनाची कामं घे, घरबसल्या करता येतात. ती हसली. "ते आपलं काम आहे का?"

तिला हे असं का वाटावं, याची मुळं फार जुनी आहेत.

एकोणिसाव्या शतकात सरकारी शाळांची मराठी क्रमिक पुस्तकं मेजर थॉमस कँडी या इंग्रजाच्या हाताखालून जात. मराठीत विरामचिन्हं रुळवण्याचं श्रेयही त्यालाच दिलं जातं. मराठी ही ज्याची मायबोली नव्हती, तो मराठीचा परीक्षक झाला. म्हणजे संपादनाची पात्रता जन्मानं येत नाही, हे तेव्हाच सिद्ध झालं होतं. पण त्याच्याभोवती बसलेले जाणकार बहुतेक शास्त्री-पंडित वर्गातले. 'शुद्ध' काय ते त्यांच्या घरात जे बोललं जाई त्यावरून ठरलं.

याचा फटका पहिला कोणाला बसला? १८५५ मध्ये जोतीरावांनी 'तृतीय रत्न' नाटक लिहून दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठवलं. कमिटीतल्या भट सभासदांमुळे ते नाकारलं गेलं, असं जोतीरावांनी स्वतः नोंदवलं आहे. पुढं शंभराहून अधिक वर्षं ते अप्रकाशित राहिलं. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी तर 'निबंधमाले'त फुल्यांच्या मुद्द्यांपेक्षा त्यांच्या व्याकरणाची टर उडवली. मुद्दा खोडता येत नसला की ऱ्हस्व-दीर्घ काढायचं, ही युक्ती आजही फेसबुकवर चालते, तुम्ही पाहिलीच असेल.

जोतीराव मात्र थांबले नाहीत. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढं निवेदन देताना त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा म्हटलंच, शिवाय चालू क्रमिक पुस्तकं व्यवहारोपयोगी नाहीत, ती नव्यानं रचावीत, त्यांत शेती आणि आरोग्याचे धडे घालावेत, अशीही मागणी केली. आपण पहिली मागणी पाठ केली आणि दुसरी विसरलो.

आणि बाबासाहेब? त्यांनी पाली शिकणाऱ्यांसाठी व्याकरण आणि शब्दकोश तयार करायला घेतला होता. भाषा शिकवणारं पुस्तक! ते त्यांच्या हयातीत छापलं गेलं नाही. १९९८ साली सरकारी ग्रंथमालेच्या सोळाव्या खंडात ते आलं, वसंत मून यांच्या संपादनाखाली. मून नागपूरच्या वस्तीतून आलेले, सरकारी अधिकारी. १९७९ पासून त्यांनी खंडामागून खंड काढले. हस्तलिखितं, टंकलिखित पानं, एकाच प्रकरणाचे वेगवेगळे मसुदे, यांतून पाठ लावणं सोपं नव्हतं. १९८७ मध्ये 'रिडल्स'वरून महाराष्ट्र पेटला, तेव्हा एका परिशिष्टासाठी लाखो लोक मुंबईत रस्त्यावर उतरले. संपादन म्हणजे निव्वळ वेलांट्या तपासणं नाही, हे आपल्या समाजाइतकं कोणाला कळायला हवं?

आता माझी गोष्ट. तीनेक वर्षांपूर्वी एका शैक्षणिक प्रकाशनाची मराठी स्वाध्यायपुस्तिका तपासायला आली. पानामागे दर, पैसे उशिरा, पुस्तकावर नाव नाही. एका पानावर प्रश्न होता: 'अशुद्ध वाक्ये शुद्ध करा.' खाली 'मी पानी आनलं', 'तू कुटं चाललास'. माझी आजी अशीच बोलायची. मी बराच वेळ त्या पानावर थांबलो. मग समासात लिहिलं: 'ही वाक्ये बोलीतली आहेत, अशुद्ध नाहीत. "प्रमाण मराठीत लिहा" असे म्हणावे.' फोन आला, थोडी हुज्जत झाली. छापील प्रतीत माझं शीर्षक होतं.

ते पान माझ्याकडं आलं नसतं तर?

काहीजण म्हणतील, प्रमाण भाषा शिकणं म्हणजे त्यांच्यापुढं मान तुकवणं. मला पटत नाही. शासनमान्य लेखनाचे नियम १९६२ चे चौदा आणि १९७२ चे चार, एकूण अठरा. माणसांनी समितीत बसून केलेले. ते येत असले तरच त्यांच्याशी भांडता येतं. बाकी युनिकोड टंकन, जुन्या फॉन्टमधून मजकूर आणताना फुटणारी जोडाक्षरं, एकच शब्द पुस्तकभर एकाच पद्धतीनं लिहिला आहे का हे बघणं, हे सरावानं येतं. दर मात्र काम घेण्याआधी लेखी ठरवून घ्या. यात मी स्वतः दोनदा फसलो आहे.

त्या मुलीला मी अठरा नियमांची प्रत दिली आणि माझ्याकडं तपासायला आलेली चार पानं. दुसऱ्या दिवशी ती अकरा चुका काढून घेऊन आली. त्यातली एक मी स्वतः तपासताना घातलेली होती.