परसातले परदेशी पाहुणे

निवृत्तीनंतर मला बागेचं वेड लागलं आणि मी घरात जाहीर केलं, "परसात फक्त देशी झाडं!" त्या भरात सौ.ने लावलेली सदाफुली उपटली. मूळची मादागास्करची ना ती! सौ. काहीच बोलली नाही.

दसऱ्याला तोरण ओवताना नातीने विचारलं, "आजोबा, झेंडू कुठला?" पुस्तकं काढली आणि इतिहासाच्या मास्तरचीच शिकवणी झाली. झेंडू मेक्सिकोचा! मिरची, टोमॅटो, पपई, पेरू, सीताफळ, देवाला वाहतो तो पांढरा चाफासुद्धा अमेरिका खंडातला. १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला पोचला, १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतलं. मिरचीसारखं बरंच काही त्यांच्या जहाजांतून आलं. ज्ञानेश्वरी १२९० ची. तेव्हा तिखटाला मिरी होती, मिरची नव्हतीच! आणि मी ठेच्यावर ताव मारत देशीपणाच्या गप्पा मारत होतो.

दुसऱ्या दिवशी नर्सरीतून सदाफुलीचं रोप आणलं आणि होतं त्याच जागी लावलं. सौ. दारातून बघत होती. म्हणाली, "मिळाला का तिला व्हिसा?"

काय बोलणार? झारी उचलली आणि पाणी घातलं.