गावाचे नाव आणि यंत्राचा शोध
अक्षरांमधले काही फरक मुद्दाम बाजूला ठेवून मजकूर शोधण्याची सोय संगणकावर प्रथम झाली ती रोमन लिपीसाठी. १९६७च्या आस्की संकेतात मोठ्या आणि लहान अक्षराच्या क्रमांकांत नेमके ३२चे अंतर होते, म्हणजे एका बिटाचे. तो बिट पुसला की दोन्ही रूपे एक. अक्षरांवरच्या चिन्हांचे काम इतके सोपे नव्हते. इंपीरियल गॅझेटियरने भंडाऱ्याचे रोमन नाव दीर्घ स्वरावर आडवी रेघ देऊन छापले. शोधणारा ती रेघ टंकत नाही. यावर युनिकोडने वाट काढली ती अशी, की आधी अक्षर आणि चिन्ह सुटे करायचे, मग चिन्ह गाळायचे.

देवनागरीत लहान-मोठी अक्षरे नाहीत, पण गुंता आहेच. भंडारा जिल्हा १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होता, त्यामुळे हिंदी वळण इथे परके नाही. साकोली तालुक्यातली सानगडी त्या वळणाने 'सानगढ़ी' होते. त्यातला 'ढ़' दोन प्रकारे साठवता येतो, एकसंध किंवा 'ढ' आणि नुक्ता (अक्षराखालचे टिंब) असा सुटा. पडद्यावर फरक दिसत नाही, यंत्राला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटतात. सुटे करून नुक्ता गाळला की ही अडचण मिटते.

खरा धोका पुढे आहे. रोमनसाठी लिहिलेल्या अनेक आज्ञावली स्वतंत्र जागा न व्यापणारी सगळी चिन्हे गाळतात. युनिकोडच्या वर्गवारीत उकार, एकार, अनुस्वार आणि हलन्त त्यांतच येतात. काना आणि वेलांटी येत नाहीत. त्यामुळे सानगडी आणि साकोली धडधाकट राहतात, पण तुमसरचे 'तमसर' आणि लाखांदूरचे 'लाखादर' होते. 'कूळ', 'केळ' आणि 'कळ' एकाच रांगेत येऊन बसतात. जमिनीची कागदपत्रे शोधणाऱ्याला हे परवडणारे नाही.

तरीही सगळे भेद जपून चालत नाही. नागपूरकर भोसल्यांच्या अमलातल्या, म्हणजे १८५३ पर्यंतच्या, मोडी कागदांत इकार-उकारांचा ऱ्हस्व-दीर्घ भेद सहसा पाळलेला नसतो. लिप्यंतर करणारा आपल्या समजुतीने तो भरतो. छापील मराठीत 'गांव', 'नांव' यांवरचे अनुच्चारित अनुस्वार १९६२च्या शुद्धलेखन नियमांनी गेले. म्हणून जुन्या मजकुरात हा अनुस्वार सोडून शोधावा लागतो, पण 'भंडारा'तला उच्चारित अनुस्वार ठेवावा लागतो.

मूळ मजकूर तसाच ठेवून शोधासाठी वेगळी, सपाट केलेली प्रत बाळगणे हा यावरचा व्यवहार्य उपाय. 'ड' आणि 'ढ' मात्र मुळातच वेगळी व्यंजने आहेत. त्यामुळे नुक्ता काढल्यावर उरलेली 'सानगढी' सानगडीला जोडायची, तर पर्यायी नावांचा तक्ता हातानेच करावा लागतो.