सहा केबलांचे अंतर

22 जून 1893 रोजी दुपारी, भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावर, आजच्या लेबनॉनमधील त्रिपोली बंदराजवळ ब्रिटिश आरमाराच्या दोन बलाढ्य युद्धनौका एकमेकींवर आदळल्या. समुद्र शांत होता, हवा स्वच्छ होती आणि शत्रू आसपास कोठेही नव्हता. ताफ्याची प्रमुख नौका ‘व्हिक्टोरिया’ पंधरा मिनिटांच्या आत समुद्रतळाशी गेली. 358 माणसे बुडाली. त्यांत ताफ्याचे सरसेनापती व्हाइस ॲडमिरल सर जॉर्ज ट्रायन हेही होते. ज्या हुकुमामुळे हा अनर्थ ओढवला तो हुकूम त्यांचाच होता.

एवढ्यावरून ट्रायन हे कोणी अडाणी किंवा हेकेखोर दर्यावर्दी असावेत असा ग्रह होणे साहजिक आहे. वस्तुस्थिती नेमकी उलट होती. व्हिक्टोरिया राणीच्या काळातील आरमारात त्यांच्याइतका कर्तबगार अधिकारी शोधून सापडणे कठीण होते.

1832 मध्ये नॉर्थॅम्प्टनशायरमधील बुलविक येथे जन्मलेले ट्रायन ईटन येथील शिक्षणानंतर 1848 मध्ये आरमारात दाखल झाले. क्रिमियाच्या युद्धात सेव्हास्तोपोलच्या वेढ्यात त्यांनी जमिनीवर उतरून तोफा चालविल्या. 1861 मध्ये ‘वॉरियर’ या इंग्लंडच्या पहिल्या लोखंडी सांगाड्याच्या चिलखती युद्धनौकेवर त्यांची कमांडर म्हणून नेमणूक झाली. मात्र त्यांचे खरे गुण दिसले ते लढाईत नव्हे, तर मालवाहतुकीच्या कामात, आणि त्या कामाचा संबंध थेट मुंबईशी होता. अ‍ॅबिसिनियाचा सम्राट तेवोद्रोस याने काही युरोपियनांना कैदेत टाकले होते. त्यांच्या सुटकेसाठी 1867-68 मध्ये जी मोहीम निघाली तिचे नेतृत्व मुंबईच्या लष्कराचे सेनापती सर रॉबर्ट नेपियर यांच्याकडे होते. सैन्य, खेचरे, रेल्वेचे रूळ, इतकेच काय तर 44 हत्तीदेखील हिंदुस्थानातून तांबड्या समुद्राच्या किनाऱ्यावरील झुला येथे उतरविण्यात आले. तेथे धक्का नव्हता आणि पिण्याचे पाणीही नव्हते. जहाजांवरील यंत्रांनी समुद्राचे पाणी ऊर्ध्वपातित करून माणसांची आणि जनावरांची तहान भागवावी लागे. उपसागरात दाटीवाटीने उभ्या असलेल्या दोनशेहून अधिक जहाजांची सारी व्यवस्था ट्रायन यांच्याकडे होती. उन्हाने होरपळणाऱ्या त्या किनाऱ्यावर त्यांनी ती इतकी चोख ठेवली की मोहिमेच्या यशाचा मोठा वाटा त्यांना देण्यात आला.

त्यानंतरच्या पदांची यादी लांबलचक आहे. आरमार खात्याच्या मंत्र्यांचे खाजगी चिटणीस, पुढे खात्याचे कायम सचिव, 1884 पासून ऑस्ट्रेलियातील नौदल ठाण्याचे प्रमुख आणि 1891 मध्ये भूमध्य समुद्रातील ताफ्याचे सरसेनापती. हे शेवटचे पद त्या काळी आरमारातील सर्वांत मानाचे समजले जाई.

या पदावर असताना ट्रायन ज्या सुधारणेच्या मागे लागले होते ती लक्षात घेतल्याशिवाय पुढची शोकांतिका कळत नाही. ताफ्याच्या हालचाली निशाणांनी ठरत. सेनापतीच्या नौकेवर निशाणांची माळ चढे, इतर नौका तशीच माळ चढवून ‘समजले’ असे कळवीत आणि माळ खाली उतरताच हुकूम अमलात येई. संकेतांचे पुस्तक जाडजूड झाले होते. प्रत्यक्ष लढाईत, धुराच्या लोटांत, डोलकाठ्याच कोसळत असताना ही निशाणे दिसणार कोणाला आणि वाचणार कोण, हा ट्रायन यांचा प्रश्न होता. त्यावर त्यांनी ‘टी ए’ या दोन अक्षरांच्या संकेताची पद्धत काढली. तो संकेत एकदा दिला की पुढे कप्तानांनी सेनापतीच्या नौकेकडे पाहायचे, त्याचा हेतू ओळखायचा आणि स्वतःच्या बुद्धीने वागायचे. वरून येणाऱ्या हुकुमाची वाट पाहत थांबायचे नाही. कवायतीपूर्वी आपली योजना ते क्वचितच उघड करीत, कारण हाताखालच्यांना विचार करायला लावणे हाच त्यांचा उद्देश होता.

अडचण अशी की शिकविणारा माणूसच जबर दराऱ्याचा होता. धिप्पाड देह, तीक्ष्ण बुद्धी आणि तुटक बोलणे. त्यांच्यापुढे शंका काढण्याचे धैर्य फार थोड्यांना होई.

त्या दिवशी बैरूतहून निघालेला ताफा दोन समांतर रांगांत चालला होता. उजव्या रांगेच्या अग्रभागी ट्रायन यांची ‘व्हिक्टोरिया’ आणि डाव्या रांगेच्या अग्रभागी रिअर ॲडमिरल अल्बर्ट हेस्टिंग्ज मार्कहॅम यांची ‘कॅम्परडाउन’. दोन्ही रांगांनी आतल्या बाजूस, म्हणजे एकमेकींच्या दिशेने, वळून उलट दिशा धरावी अशी योजना होती. येथे थोडे गणित आवश्यक आहे. आरमारी मोजणीत एक केबल म्हणजे सुमारे 200 यार्ड. एवढ्या अवजड नौकेला पूर्ण वळायला सुमारे 800 यार्ड व्यासाचे वर्तुळ लागे. दोन नौका आतल्या बाजूस वळणार म्हणजे किमान 1600 यार्ड, अर्थात आठ केबल हवेत, आणि तेही एकमेकींना जेमतेम न शिवता. नौकेचा मार्ग सांभाळणारे स्टाफ कमांडर हॉकिन्स-स्मिथ यांनी आठ केबलांची सूचना केली. ट्रायन यांनी ती मान्यही केली. परंतु प्रत्यक्ष संकेत गेला तो सहा केबलांचा. अधिकाऱ्यांनी पुन्हा आठवण करून दिली, तरी सहाच कायम राहिले.

ट्रायन यांनी एकाच नौकेचे वळण हिशेबात धरले काय, किंवा ‘कॅम्परडाउन’ने आत वळावे आणि आपण तिला बाहेरून वळसा घालावा असे काही त्यांच्या मनात होते काय, याची चर्चा पुढे वर्षानुवर्षे झाली. उत्तर त्यांच्याबरोबरच बुडाले.

हुकूम वाचून मार्कहॅम थबकले. हे अशक्य आहे, असे ते आपल्या अधिकाऱ्यांजवळ बोललेही. ‘समजले नाही’ हे दर्शविण्यासाठी त्यांनी आपली निशाणे अर्ध्यावरच ठेवली. तेवढ्यात सेनापतीच्या नौकेवरून विचारणा आली की आपण कशासाठी थांबला आहात? ती साऱ्या ताफ्यादेखत झालेली कानउघाडणीच होती. सेनापती आपल्याला बाहेरून वळसा घालणार असतील, अशी मनाची समजूत घालून मार्कहॅम यांनी निशाणे पूर्ण चढविली. हे मार्कहॅम भित्रे नव्हते. सतराच वर्षांपूर्वी उत्तर ध्रुवाच्या मोहिमेत बर्फावरून 83 अंशांच्या पलीकडे, तोवर कोणी गेले नव्हते इतक्या उत्तरेस, ते पायी गेले होते. बर्फापुढे न डगमगलेला हा माणूस वरिष्ठाच्या एका प्रश्नापुढे नमला.

साडेतीनच्या सुमारास ‘कॅम्परडाउन’ची पाण्याखालची पोलादी सोंड ‘व्हिक्टोरिया’च्या उजव्या कुशीत पुढच्या बाजूस घुसली. ती मागे घेतली जाताच भगदाड मोकळे झाले. उन्हाळ्यामुळे नौकेतील बरीच दारे व झरोके उघडे होते. नौका वाचेल या आशेने ट्रायन यांनी मदतीला निघालेल्या होड्या थांबविल्या आणि किनाऱ्याची दिशा धरली. पण ती पुढच्या बाजूने खचत गेली, कलंडली आणि पंखे फिरत असतानाच दिसेनाशी झाली. सारा दोष आपलाच आहे, असे उद्गार शेवटच्या क्षणांत त्यांनी काढल्याचे वाचलेल्यांनी सांगितले. 2004 मध्ये तिचे अवशेष सापडले तेव्हा ती गाळात तोंड खुपसून, मागील भाग वर करून, जवळजवळ उभीच असल्याचे दिसले.

माल्टा येथे लष्करी न्यायालय बसले. दोष ट्रायन यांचा ठरला आणि ‘व्हिक्टोरिया’चे कप्तान मॉरिस बर्क निर्दोष सुटले. मार्कहॅम यांनी आपली शंका स्पष्टपणे कळविली नाही याबद्दल न्यायालयाने खेद व्यक्त केला. परंतु सरसेनापतीचा हुकूम पाळल्याबद्दल त्यांना दोषी ठरविणे सेवेच्या हिताचे होणार नाही, असेही नमूद केले. ही दोन वाक्ये शेजारीशेजारी ठेवताना न्यायाधीशांना किती अवघडल्यासारखे झाले असेल याची कल्पना करता येते. मार्कहॅम पुढे पूर्ण ॲडमिरल झाले. ‘टी ए’ पद्धत मात्र ट्रायन यांच्यासमवेतच गेली. वास्तविक त्या दिवशीचा हुकूम नेहमीच्या निशाणांनीच दिला गेला होता, नव्या पद्धतीचा त्यात काडीचाही संबंध नव्हता. तरीही कप्तानांना स्वबुद्धीने वागू देण्याच्या कल्पनेलाच बट्टा लागला.

माल्टा तापाने आजारी असलेला एक कमांडर ‘व्हिक्टोरिया’वरून वाचला होता. त्याचे नाव जॉन जेलिको. 31 मे 1916 रोजी जटलंडच्या लढाईत ब्रिटिश ‘ग्रँड फ्लीट’चे सेनापतिपद त्याच्याकडे होते, आणि त्याच्या युद्धविषयक सूचनांची पाने भरपूर झाली होती. त्या दुपारी बीटी यांच्या ‘लायन’ने शत्रूच्या दिशेने वळण घेतले. रिअर ॲडमिरल एव्हन-थॉमस यांच्या हाताखालील चार प्रचंड युद्धनौकांना हे वळण दिसत होते, पण धुरामुळे निशाणे वाचता आली नाहीत. संकेत पोहोचेपर्यंत त्या काही मिनिटे विरुद्ध दिशेनेच चालत राहिल्या.