उन्हाळ्यातही फुलणारा बुटका कोंबडा : बियाण्यापासून लागवड

खरिपात बाजरी-तुरीत उगवणारे कुरडू नगर (अहिल्यानगर) जिल्ह्यातील शेतकऱ्यांना नवीन नाही. पावसाळ्यात त्याच्या कोवळ्या पानांची भाजीही होते. रोपवाटिकांत ‘सेलोसिया’ नावाने मिळणारा कोंबडा हा याच कुरडूचा शोभेचा भाऊबंद असून दोन्ही राजगिरा कुळातील आहेत. एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंशांवर जातो, शेवंतीचा हंगाम संपलेला असतो आणि झेंडूची फुले लहान पडतात. त्या काळात पाण्याची थोडी सोय असल्यास कोंबडा रंग टिकवून धरतो.

जातींची निवड
कोंबड्याच्या तुऱ्यासारखा, पिसाऱ्यासारखा आणि गव्हाच्या ओंबीसारखा असे फुलांचे तीन प्रकार आहेत. बुटक्या जातींत ‘किमोनो’ साधारण १५ ते २० सें.मी., तर ‘फ्रेश लुक’ ३० ते ४० सें.मी. वाढते. या जाती कुंडी व वाफ्यांसाठी योग्य आहेत. दांड्याची फुले विकायची असल्यास उंच जाती घ्याव्यात. त्यामुळे ग्राहक कोण, हे बियाणे घेण्यापूर्वी ठरवावे.

पेरणीची वेळ
पेरणीपासून फुले येण्यास साधारण १० ते १२ आठवडे लागतात. उन्हाळी फुलांसाठी जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत, तर दसऱ्यासाठी जुलैत पेरणी करावी. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये उघड्यावर पेरणी टाळावी. थंड रात्री वाढ खुंटवतात आणि लहान दिवसांमुळे रोपे लवकर फुलावर येतात.

रोपे तयार करणे
बी बारीक असते. एका ग्रॅममध्ये हजाराच्या आसपास बिया भरतात. प्रोट्रेमध्ये ओलसर कोकोपीट भरून प्रत्येक कप्प्यात १ ते २ बिया टाकाव्यात व वर कोकोपीटचा अगदी पातळ थर द्यावा. झारीऐवजी बारीक फवाऱ्याने पाणी द्यावे. २१ ते २४ अंश तापमानात ७ ते १० दिवसांत उगवण होते. रोपमर टाळण्यासाठी कोकोपीटमध्ये ट्रायकोडर्मा मिसळावी आणि पाणी साचू देऊ नये.

सर्वांत महागात पडणारी चूक
रोप ट्रेमध्ये जास्त दिवस राहिले, मुळांचा गुंता झाला किंवा एकदाही पूर्ण सुकले, तर ते बोटभर उंचीवरच फुलावर येते. अशा रोपाला नंतर कितीही खत दिले तरी ते भरत नाही. म्हणून चार ते पाच आठवड्यांत, फूल दिसण्यापूर्वी पुनर्लागवड पूर्ण करावी. रोपे विकत घेतानाही आधीच फुललेली रोपे नाकारावीत. शेत तयार नसेल, तर पेरणीच पुढे ढकलावी.

पुनर्लागवड व निगा
• निचऱ्याची जमीन निवडावी. भारी काळ्या जमिनीत गादीवाफे करावेत.
• चांगले कुजलेले शेणखत मिसळून २० ते २५ सें.मी. अंतरावर सायंकाळी लागवड करावी. मुळांभोवतीचा गोळा फुटू देऊ नये.
• ठिबकने थोडे-थोडे पाणी द्यावे. तुऱ्यावर पाणी पडल्यास बुरशी व कूज वाढते.
• नत्र जास्त झाल्यास पाने माजतात व फुले मागे पडतात.
• चुनखडीयुक्त जमिनीत कोवळी पाने शिरा हिरव्या राहून पिवळी पडल्यास चिलेटेड लोहाची फवारणी करावी.
• तुरा येणाऱ्या जातींचा शेंडा खुडू नये. मुख्य तुराच जातो.

कीड-रोग
उन्हाळ्यात लाल कोळी व मावा यांसाठी पानांची खालची बाजू नियमित पाहावी. कोंबडा सूत्रकृमींना बळी पडतो. त्यामुळे टोमॅटो, वांगी, भेंडी यांच्या मुळांवर गाठी दिसलेल्या शेतात तो लावू नये. तेथे आधी झेंडूचे पीक घेणे फायद्याचे ठरते.

बियाणे राखताना
संकरित जातीचे बी पुढील वर्षी वापरू नये. रोपे एकसारखी येत नाहीत. सुधारित जातीचे बी राखायचे असल्यास जवळचे कुरडू फुलण्यापूर्वी उपटावे. शेतात तुरे वाळू देऊ नयेत, अन्यथा गळलेले बी पुढील हंगामात तण म्हणून उगवते.

पहिल्या वर्षी दोन-चार वाफ्यांवरच प्रयोग करावा व स्थानिक मागणी पाहूनच क्षेत्र वाढवावे.