रिकाम्या बाकांचा पुरावा : महिलांच्या खेळाला प्रेक्षक का मिळत नव्हते?

१/
‘बायकांचे सामने बघायला येतंय कोण?’ हे वाक्य आपण सर्वांनी कधी ना कधी ऐकले आहे. बोलणाऱ्याच्या मते हा विषयाचा शेवट असतो. रिकाम्या बाकांचे छायाचित्र पुढे केले की वाद संपला. आजचा थ्रेड याच छायाचित्राविषयी आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याने ते पुरावा म्हणून कसे वाचावे, एवढाच प्रश्न आहे.

२/
साधनचिकित्सेचा पहिला धडा असा की कोणतीही नोंद आपोआप तयार होत नाही. प्रेक्षकसंख्येचेही तसेच आहे. मैदान कोणते दिले, तारीख व वेळ कोणती ठेवली, तिकीट किती होते, बातमी कुठे छापली, हे कोणीतरी आधी ठरवलेले असते. त्या निर्णयांचा परिणाम म्हणजे बाकांवरची गर्दी. म्हणून ‘किती आले?’ या प्रश्नाच्या आधी ‘मैदान कोणाला मिळाले?’ हा प्रश्न येतो.

३/
या विषयाकडे मी का वळले, ते थोडक्यात सांगते. मी रहिमतपूरची. शाळेत असताना खो-खो खेळत असे. एका स्पर्धेत मुलांचा अंतिम सामना संध्याकाळी मुख्य मैदानावर, मंडप आणि ध्वनिक्षेपकासह झाला. आमचा सामना दुपारी दीड वाजता मागच्या मैदानावर होता. सावली नव्हती, कपडे बदलायला खोली नव्हती. बघायला होत्या आमच्या बाई आणि राखीव खेळाडू. नंतर कोणीतरी सहज म्हणाले, ‘मुलींच्या सामन्याला गर्दी नव्हती.’ ते खोटे नव्हते, पण अपुरे होते.

४/
आता आमच्या रहिमतपूर स्थानकावर या. हे पुणे-मिरज लोहमार्गावरचे स्थानक आहे. वरच्या बाजूला पुणे, खालच्या बाजूला कराड आणि पुढे सांगली. भारतातील महिला क्रिकेटच्या पन्नास वर्षांतील तीन महत्त्वाचे दुवे याच एका मार्गावर सापडतात. क्रमाने पाहू.

५/
पहिला दुवा पुणे. १९७३ मध्ये भारतीय महिला क्रिकेट संघटना स्थापन झाली आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये पहिली आंतरराज्य राष्ट्रीय स्पर्धा पुण्यात भरली. संघ फक्त तीन होते : मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. त्याच वर्षअखेरीस वाराणसीला झालेल्या दुसऱ्या स्पर्धेत संघांची संख्या आठ झाली, तर कलकत्त्याच्या तिसऱ्या स्पर्धेत चौदा. ‘मुलींना यात रस नसतो’ असे म्हणणाऱ्यांनी तीन, आठ आणि चौदा हे आकडे लक्षात ठेवावेत.

६/
दुसरा दुवा कराड. पुण्याच्या स्पर्धेनंतर संघटनेची कार्यकारिणी नव्याने बांधली गेली आणि अध्यक्षपद प्रेमलाबाई चव्हाण यांच्याकडे आले. आपल्या भागात त्यांना प्रेमलाकाकी म्हणत. कराडच्या या खासदारांची ओळख राजकारणामुळे राहिली, परंतु देशातील महिला क्रिकेटच्या पायाभरणीत साताऱ्याच्या एका बाईंचा वाटा होता, हे जिल्ह्यातही फारसे सांगितले जात नाही.

७/
१९७६ मध्ये वेस्ट इंडीजचा महिला संघ भारतात आला आणि सहा कसोटी सामन्यांची मालिका झाली. बंगळूरच्या पहिल्या कसोटीत पुण्याची सतरा वर्षांची लेगस्पिनर शुभांगी कुलकर्णी हिने पदार्पणातच एका डावात पाच बळी घेतले. शांता रंगास्वामी यांच्या नेतृत्वाखाली भारताने पहिला कसोटी विजय मिळवला तो त्याच मालिकेत, पाटण्यात. तो सामना पाहायला २५ हजारांहून अधिक लोक आले होते, असे सांगितले जाते. म्हणजे मोठ्या शहरातले मोठे मैदान मिळाले, तेव्हा प्रेक्षक आले होते. १९७६ मध्येच आले होते.

८/
मग पुढे काय झाले? संघटनेपाशी उत्साह होता, पैसा नव्हता. खेळाडू अनारक्षित डब्यांतून प्रवास करीत, सामुदायिक निवासांत राहत, सामन्याचे मानधन नसे. मोठी मैदाने पुरुषांच्या क्रिकेट संघटनांच्या किंवा सरकारच्या हाती होती. ज्याचे मैदान, त्याचे वेळापत्रक. पाहुण्याला उरलेली तारीख मिळते, तसे महिलांच्या सामन्यांचे झाले. मुंबईच्या वानखेडे स्टेडियमवर १९८४ मध्ये महिलांची कसोटी झाली, त्यानंतरची झाली डिसेंबर २०२३ मध्ये. मधे ३९ वर्षे गेली. या काळात ‘वानखेडेवर महिला कसोटीला किती प्रेक्षक आले?’ या प्रश्नाचे उत्तर शून्य आहे, कारण सामनाच झाला नाही.

९/
हे केवळ आपल्याकडचे नाही. इंग्लंडमध्ये २६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्क मैदानावर ‘डिक, कर लेडीज’ या कारखान्यातील कामगार मुलींच्या संघाचा फुटबॉल सामना पाहायला ५३ हजार लोक जमले. वर्ष उलटण्याच्या आत, ५ डिसेंबर १९२१ रोजी, तिथल्या फुटबॉल संघटनेने ठराव करून आपल्या क्लबांना सांगितले की महिलांच्या सामन्यांना मैदान देऊ नये. हा निर्बंध सुमारे ५० वर्षे टिकला. ठरावाचा नेम पाहा. खेळण्यावर थेट बंदी घालण्याची गरजच पडली नाही. मैदान काढून घेतले की प्रेक्षक जातात आणि प्रेक्षक गेले की खेळ उपेक्षित होतो.

१०/
बास्केटबॉलची गोष्ट आणखी वेगळी आहे. हा खेळ १८९१ मध्ये जन्मला आणि पुढच्याच वर्षी सेंडा बेरेन्सन यांनी तो अमेरिकेतील स्मिथ कॉलेजच्या मुलींना शिकवायला घेतला. १८९६ मध्ये स्टॅनफर्ड आणि बर्कली यांच्यात महिलांचा पहिला आंतरविद्यापीठ सामना झाला, तेव्हा पुरुषांना आत प्रवेश नव्हता. मर्यादेच्या तत्कालीन कल्पनांमुळे निम्मा संभाव्य प्रेक्षक दाराबाहेरच उभा राहिला. प्रेक्षकांची संख्या नियमाने कशी ठरते, याचे याहून स्पष्ट उदाहरण मिळणे अवघड आहे.

११/
याच खेळातला अलीकडचा दाखला पाहा. अमेरिकेतील महिलांची व्यावसायिक लीग, डब्ल्यूएनबीए, १९९७ च्या उन्हाळ्यात सुरू झाली. उन्हाळाच का? कारण तेव्हा पुरुषांचा हंगाम संपून सभागृहे मोकळी असतात. वॉशिंग्टन मिस्टिक्स या संघाचे घरचे सभागृह केवळ ४,२०० आसनांचे आहे. २०२४ मध्ये केटलिन क्लार्क या नवोदित खेळाडूचा इंडियाना फीवर संघ तिथे येणार म्हणून सामना शहरातील मोठ्या सभागृहात हलवला. प्रेक्षक आले २०,३३३. सप्टेंबरमध्ये पुन्हा तसेच केले, तेव्हा आले २०,७११. सामना लहान सभागृहातच ठेवला असता, तर नोंद ४,२०० चीच राहिली असती आणि कोणीतरी तिलाच लोकांची आवड समजले असते.

१२/
परत आपल्याकडे येऊ. २००६ मध्ये महिला क्रिकेट संघटना बीसीसीआयमध्ये विलीन झाली. तेव्हा संघटनेच्या सचिव होत्या त्याच शुभांगी कुलकर्णी. आता मैदाने, पैसा आणि महिला क्रिकेट एकाच छताखाली आले. अडचण संपायला हवी होती. पण छत एक झाले म्हणून खोल्या समान वाटल्या जातातच असे नाही.

१३/
२०१३ चा महिला विश्वचषक मुंबईत होता. ३१ जानेवारीला सुरुवात, वानखेडे हे प्रमुख मैदान. तेवढ्यात मुंबईचा पुरुष संघ रणजी करंडकाच्या अंतिम फेरीत पोहोचला. तो सामना २६ जानेवारीपासून वानखेडेवर ठेवला गेला आणि विश्वचषक ब्रेबॉर्नवर हलवण्यात आला. देशांतर्गत स्पर्धेच्या एका सामन्यासाठी जागतिक स्पर्धेने जागा सोडली! रणजीचा तो सामना पाच दिवसांचा असून तीन दिवसांतच संपला. पाकिस्तानच्या संघाचे सामने, विरोध होण्याच्या भीतीने, थेट कटकला न्यावे लागले आणि तिथे त्या मुलींची राहण्याची सोय हॉटेलऐवजी स्टेडियमच्या आवारातच करावी लागली. उरलेले काही सामने क्लबच्या छोट्या मैदानांवर झाले. भारत पहिल्या फेरीतच बाद झाला. बाके बहुतांशी रिकामी राहिली. छायाचित्रे तेवढी उरली.

१४/
मे २०२२. पुण्याजवळच्या गहुंजे मैदानावर महिलांची टी-२० चॅलेंज स्पर्धा भरली. संघ पुन्हा तीनच, जणू १९७३ पासून पुणे जागचे हललेच नाही! पुरुषांच्या आयपीएलचे बाद फेरीचे सामने कोलकाता आणि अहमदाबादला चालू असताना ही स्पर्धा त्यांच्या फटीत बसवली होती. त्यातला एक सामना मंगळवारी, मे महिन्याच्या दुपारी साडेतीन वाजता सुरू झाला. शहराबाहेर, द्रुतगती मार्गालगतच्या मैदानावर कामाच्या दिवशी भरदुपारी कोण जाणार? मला शाळेतला तो दीड वाजताचा सामना आठवला.

१५/
आणि अवघ्या सात महिन्यांनी चित्र पालटले. ११ डिसेंबर २०२२, रविवारची रात्र, नेरुळचे डी. वाय. पाटील स्टेडियम, प्रवेश विनामूल्य. भारत आणि ऑस्ट्रेलिया दोघांच्याही धावा १८७. सामना बरोबरीत सुटून सुपर ओव्हरमध्ये भारत जिंकला. चाळीस हजारांहून अधिक लोक ते पाहत होते. ७९ धावा काढून सुपर ओव्हरमध्येही फटकेबाजी करणारी स्मृती मानधना सांगलीची. हा आपल्या लोहमार्गावरचा तिसरा दुवा. तिचे बालपण सांगलीजवळच्या माधवनगरात गेले.

१६/
तीन महिन्यांनी, मार्च २०२३ मध्ये, महिला प्रीमियर लीगचा पहिला हंगाम झाला. त्याचे सर्व २२ सामने ब्रेबॉर्न आणि डी. वाय. पाटील या दोनच मैदानांवर झाले. या वेळी तिकिटे स्वस्त होती, महिलांना प्रवेश विनामूल्य होता आणि हंगाम स्वतंत्र होता. कोणाच्या फटीत बसवलेला नव्हता.

१७/
येथे एक आक्षेप रास्त आहे आणि त्याला टाळून पुढे जाणे योग्य नाही. फुकट मिळाले तर कोणीही येईल, हा तो आक्षेप. खरेच, विनामूल्य प्रवेशाची गर्दी आणि तिकीट काढून आलेली गर्दी यांची तुलना सरळ करता येत नाही. दोन्ही नोंदींपुढे तिकिटाचा दर लिहिलाच पाहिजे. शिवाय २०१७ मध्ये लॉर्ड्सवरील अंतिम सामन्यापर्यंत भारताने मारलेली धडक आणि दूरचित्रवाणीने पोहोचवलेली नावे यांचाही वाटा मोठा आहे. मैदान दिले की गर्दी हमखास होते, असा माझा दावा नाही. मैदान न देता गर्दी मोजणे मात्र अन्यायाचे आहे, एवढाच आहे.

१८/
२०२५ चा महिला विश्वचषक हा या कथेतील सर्वांत विलक्षण योगायोग. महत्त्वाचे सामने बंगळूरला ठरले होते. ४ जून रोजी तिथे पुरुष संघाच्या आयपीएल विजयोत्सवात चेंगराचेंगरी होऊन ११ जणांचे प्राण गेले. त्यानंतर, स्पर्धेला जेमतेम सहा आठवडे उरले असताना, बंगळूरचे सामने काढून नवी मुंबईला दिले गेले. पुन्हा एकदा महिलांच्या स्पर्धेने ऐन वेळी मैदान बदलले. फरक इतकाच की या वेळी हलवले ते मोठ्या आणि ओळखीच्या मैदानावर. गर्दी सांभाळणे हीसुद्धा मैदानाचीच जबाबदारी असते, हा धडा त्या ११ मृत्यूंनी दिला आणि तो विसरता कामा नये.

१९/
२ नोव्हेंबर २०२५. पावसामुळे अंतिम सामना सुमारे दोन तास उशिरा सुरू झाला. जवळजवळ ४० हजार लोक बसून राहिले. भारताने २९८ धावा केल्या, दक्षिण आफ्रिकेला २४६ वर रोखले आणि मध्यरात्रीच्या सुमारास पहिला विश्वचषक जिंकला. संपूर्ण स्पर्धेला मैदानांवर आलेल्यांची संख्या तीन लाखांच्या घरात गेली. २०१३ मध्ये ज्या महानगरात बाके रिकामी होती, तिथलेच हे लोक. बारा वर्षांत माणसे बदलली, त्याहून अधिक त्यांना बोलावण्याची रीत बदलली.

२०/
तरीही एका स्टेडियमच्या जोरावर संपूर्ण इतिहास बदलत नाही. कराड, कोरेगाव किंवा विट्याच्या मुलीला सामन्यानंतर कपडे बदलायला खोली, वापरण्याजोगे स्वच्छतागृह आणि संध्याकाळची वेळ मिळते का, यावर पुढची स्मृती ठरेल. तिचे प्रेक्षक नेरुळला नसतील. तिच्याच गावात असतील, पण तिला मुख्य मैदान मिळाले तरच.

२१/
शेवटी एक विनंती. आपल्या गावात १९७० ते २००० या काळात खो-खो, कबड्डी, बास्केटबॉल किंवा क्रिकेट खेळलेल्या मावश्या, काकू, शिक्षिका असतीलच. त्यांना जाऊन विचारा. सामना कुठे झाला, किती वाजता झाला, तिकीट होते का, गावी परत कशा आलात? त्यांची उत्तरे तारखेसह वहीत लिहून ठेवा. रिकाम्या बाकांची छायाचित्रे दप्तरात आहेत. ती बाके रिकामी का राहिली याची साक्ष अजून या बायकांच्या आठवणीतच आहे आणि ती नोंदवायला वेळ थोडा आहे.