मॅट्रिक, फायनल, सीईटी : निवड कोणाच्या हाती?

कफ परेडच्या मच्छीमार नगरातून उत्तरेला पायी निघाले की मंत्रालय लागते. पुढे मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर, त्याला लागून उच्च न्यायालय, मग दादाभाई नौरोजी रस्त्यावर बाबासाहेबांचे सिद्धार्थ महाविद्यालय, आणि फोर्टातच न्यू एक्सेलसिअर इमारतीत राज्याचा सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष. सारे अंतर तासाभराचे. महाराष्ट्रातल्या मुलाने कॉलेजसाठी कोणती परीक्षा द्यावी हे दिल्लीत ठरले नाही तेव्हा बहुधा या एवढ्याशा टापूत ठरत आले. मच्छीमार नगरातल्या कोळ्याच्या किंवा शेजारच्या आंबेडकर नगरातल्या मजुराच्या घरात तो निर्णय पोचायला मात्र नेहमीच उशीर झाला.

आज विज्ञान शाखेच्या मुलापुढे प्रश्न असतो, राज्याची सीईटी की देशपातळीवरची जेईई? मुंबईपुरते बोलायचे तर माटुंगा की पवई. माटुंग्याच्या व्हीजेटीआयची वाट सीईटीतून जाते; तिथल्याच रसायन तंत्रज्ञान संस्थेत ७० टक्के जागा सीईटीच्या आणि ३० टक्के जेईईच्या. पवईच्या आयआयटीला सीईटीचा काडीचाही उपयोग नाही. परीक्षांचा स्वभावही वेगळा. सीईटीत अकरावीचा भाग सुमारे २० टक्के, बारावीचा ८०, आणि उत्तर चुकले तर गुण कापत नाहीत. जेईईत दोन्ही वर्षे सारख्याच तोलाची, आणि चुकलेल्या पर्यायाला गुण वजा. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाची अकरावी इंग्रजी शब्दांशी झटापट करण्यातच सरते. सीईटी त्याला ती अकरावी माफ करते; जेईई करीत नाही. सुखवस्तू घरातला मुलगा दोन्ही परीक्षा देतो, म्हणजे त्याला निवड करावीच लागत नाही. निवड करायची ती ज्याच्यापाशी एकाच परीक्षेपुरता वेळ आणि पैसा आहे त्याने.

हा पेच जुना आहे. मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक १८५९ साली झाली. शंभरावर मुले बसली, वीस-बावीस उतरली. त्या काळी मराठी चौथीनंतर दोन वाटा फुटत. इंग्रजी शाळेत गेलेला मॅट्रिकला पोचे; मराठी शाळेतच राहिलेला सातवीला व्हर्नाक्युलर फायनल देई आणि फार तर प्राथमिक शाळेचा मास्तर होई. पुढे स्कूल फायनलही आली, म्हणजे कचेरीत चिकटायचे त्याने ती द्यावी आणि कॉलेजात जायचे त्याने मॅट्रिक. आपल्या वस्त्यांत ‘फायनल झालेला’ माणूस केवढा मोठा वाटे! पण त्या फायनलला कॉलेजचे दार नव्हते. आणि कोणत्या परीक्षेच्या वाटेला लागायचे हे मूल दहा-अकरा वर्षांचे असतानाच ठरून जाई. इंग्रजी शाळेची फी परवडते की नाही यावरून.

जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनाचा हा भाग फारसा वाचला जात नाही. घरी अभ्यास करून विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेला बसण्याची मुभा मिळाली याचे त्यांनी स्वागत केले आणि तीच सवलत वरच्या परीक्षांना मागितली. शिष्यवृत्त्यांबाबत ते अधिक परखड होते. स्पर्धेने शिष्यवृत्ती देणे तत्त्वतः न्याय्य असले तरी इतर वर्गांत शिक्षण पसरवायला ते उपयोगी नाही, असे त्यांचे म्हणणे होते. ‘गुणवत्ते’वरच्या आपल्या आजच्या साऱ्या वादाचे मूळ त्यात आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९०७ साली एल्फिन्स्टन हायस्कुलातून मॅट्रिक झाले. ७५० पैकी २८२ गुण. संस्कृत घेऊ दिले नाही म्हणून फारसी घ्यावी लागली; त्या गुणांचा हिशेब करताना हेही मोजले पाहिजे. सत्कार झाला, केळुस्कर गुरुजी धावून आले, पुढे बडोद्याच्या महाराजांची दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली, आणि १९१२ साली ते एल्फिन्स्टन कॉलेजातून बी.ए. झाले. हे घडू शकले, कारण मॅट्रिक हा उंबरठा होता. ओलांडला की आत. तुमच्यापुढे किती जण आहेत हे कोणी विचारत नव्हते. ३७.६ टक्क्यांचा तो मुलगा आजच्या गुणवत्ता यादीत कोणत्या पानावर सापडला असता, हे वाचकांनीच ठरवावे. उंबरठ्याची रांग झाली, हा गेल्या शतकातला मोठा बदल आहे आणि आपण त्याची पुरेशी दखल घेतलेली नाही. १९४६ साली सिद्धार्थ निघाले तेव्हा बाबासाहेबांनी नोकरी करणाऱ्यांसाठी सकाळचे वर्ग ठेवले. परीक्षा विद्यापीठाचीच राहिली. घड्याळ मात्र कामकऱ्याच्या सोयीचे झाले.

रांगेत उभे राहिल्यावर रांगच हलवली तर काय होते, ते २०१३ ते २०१६ या वर्षांत दिसले. २०१३ साली वैद्यकीयसाठी नीट आली आणि १८ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. राज्याची सीईटी परतली. अभियांत्रिकीचे प्रवेश २०१४ आणि २०१५ साली जेईईवर झाले, २०१६ साली पुन्हा सीईटीवर. त्याच २०१६ मध्ये २८ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने नीट घ्यायला सांगितली, आणि तिचा पहिला टप्पा होता १ मे रोजी! ५ मे रोजी राज्याची सीईटी झाली, पण ती धरली जाणार की नाही हे परीक्षेला बसलेल्यांना ठाऊक नव्हते. २४ मे रोजी राष्ट्रपतींची वटहुकुमावर सही झाली आणि त्या वर्षापुरत्या सरकारी जागा सीईटीवर राहिल्या. खासगी आणि अभिमत महाविद्यालयांना नीट. १ मेची नीट दिलेल्याला २४ जुलैची द्यायची तर आधीच्या गुणांवर पाणी सोडायचे. नीटची प्रश्नपत्रिका त्या साली इंग्रजी आणि हिंदीत होती. मराठीत आली २०१७ साली. राज्याचा अभ्यासक्रम घोकून बसलेल्या मुलाने त्या चार आठवड्यांत काय करायचे होते?

आपल्यातच याबाबत दोन मते आहेत. एक म्हणते, एकच देशव्यापी परीक्षा बरी. यंत्र तपासते, यंत्राला आडनाव कळत नाही. हे मत झटकून टाकण्यासारखे नाही. प्रात्यक्षिकाचे आणि तोंडी परीक्षेचे गुण कोणाच्या हातात असतात हे आपण जाणतो. पण तमिळनाडूच्या अनिताचे काय? अरियलूर जिल्ह्यातल्या मजुराची ही दलित मुलगी, बारावीला १२०० पैकी १,१७६. नीटमध्ये ७२० पैकी ८६. ती सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि १ सप्टेंबर २०१७ रोजी तिने जीवन संपवले. यंत्राला तिचे आडनाव कळले नाही हे खरे, पण तिची शाळाही कळली नाही. दोन वर्षे शिकली तो अभ्यासक्रम एक, मोजली गेली ती दुसऱ्याने. माझे मत राज्याच्या अभ्यासक्रमावरच्या परीक्षेच्या बाजूचे आहे, मात्र तपासणी निनावीच हवी.

अमेरिकेतही दोन परीक्षा आहेत. सॅट १९२६ सालची. ती घडवणाऱ्या कार्ल ब्रिगहॅमने आधी वंशावंशांच्या बुद्धीची उतरंड मांडली होती आणि १९३० साली स्वतःच ती चुकीची ठरवली. १९५९ साली प्रतिस्पर्धी एसीटी आली. पण जी महाविद्यालये गुण मागतात ती साधारणतः दोन्हींपैकी कोणतेही चालवून घेतात. मुलाला जी झेपेल ती त्याने द्यावी. आपल्याकडे परीक्षा बदलली की दारच बदलते.

१ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. मच्छीमार नगरात होड्या वर ओढलेल्या असतात, घरात मिळकत नसते, आणि प्रवेशाच्या फेऱ्यांच्या तारखा नेमक्या त्याच सुमारास लागू लागतात. जेईईच्या क्लासची फी तर त्याच्याही दोन वर्षे आधी, अशाच एखाद्या जूनमध्ये मागितली जाते. घरातली निवड बहुधा तेव्हाच होऊन गेलेली असते.